रंग मारलेला नाही, भाजलेला आहे

सन्माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत इराणमधल्या जुन्या मशिदींवर सचित्र लेख आला आणि त्याच्या शेवटी बिदरच्या महमूद गवान मदरशाचाही उल्लेख आला. या विषयावर मराठी वर्तमानपत्रांत सहसा दोन ओळींच्या वर काही छापून येत नाही, म्हणून लेखाचे स्वागतच आहे. पण एका फोटोखाली ‘चिनी मातीच्या रंगवलेल्या फरशा’ असे छापले आहे. शिवाय बिदरला जिथे टाइल्स गळून पडल्या आहेत तिथे निळा रंग मारावा, किंवा बाजारातल्या तशाच रंगाच्या टाइल्स सिमेंटने बसवून मूळ शोभा परत आणावी, अशी सूचना शेवटच्या परिच्छेदात आहे. फोटोखालची चूक बारीकशी वाटेल, पण ही सूचना तिच्याच पोटी जन्मली आहे. टाइल रंगवलेली असते असे एकदा धरून चालले की ब्रश हातात घेणे ओघानेच येते.

आधी चिनी मातीचे पाहू. चिनी माती म्हणजे केओलिन, आणि खरी चिनी भांडी तेराशेच्या आसपास अंशांवर भाजतात. इराणमधल्या काशान, वरामीन इथल्या तेराव्या शतकातल्या टाइल्सचा लगदा याहून अगदी निराळा आहे. त्यात माती नावापुरती असते आणि बाकी सगळी गारगोटी. याची कृती आपल्याला कारागिराच्या घरातूनच मिळते. काशानमध्ये अबू ताहिर घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले. त्याच घरातला अबुल कासिम पुढे इराणवर राज्य करणाऱ्या मंगोल इलखानांच्या दरबारी इतिहासकार झाला आणि १३०१ मध्ये त्याने रत्ने व सुगंधी द्रव्यांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटी काशीकामावर एक प्रकरण आहे. लिहिणारा भट्टीच्या घरचा असल्यामुळे त्यात स्तुती कमी आणि वजनमापे जास्त आहेत. (काशीकाम म्हणजे अशा टाइल्स आणि भांडी करण्याचे काम, आणि हा शब्द काशान गावावरून आला. आपल्याकडे तो ऐकला की वाराणसी आठवते, तिचा इथे काही संबंध नाही.)

लगद्याचे प्रमाण असे: दळून वस्त्रगाळ केलेली पांढरी गारगोटी १० भाग, काचेची पूड १ भाग आणि पांढरी चिकण माती १ भाग. गारगोटीला त्या लोकांचा शब्दच ‘साखरदगड’ असा आहे, आणि तो चपखल आहे. अशी टाइल फुटली की कड साखरेच्या ढेपेसारखी पांढरी आणि कणीदार दिसते, साध्या मातीच्या टाइलची कड तांबूस किंवा पिवळट. मातीचे काम फक्त लगदा हाताला धरून ठेवण्याचे, आणि काचेची पूड भट्टीत वितळून गारगोटीचे कण एकमेकांना चिकटवते. या मिश्रणाला चिवटपणा जवळजवळ नसतो. चाकावर ते नीट उभे राहत नाही, म्हणून टाइल साच्यात दाबूनच करावी लागते. मोठी पाटी घाईने वाळवली तर मधोमध तडकते. एका बाजूने वारा लागला तर कोपरे उचलले जातात, आणि उचललेला कोपरा भिंतीवर कधीच बसत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर झिलईसाठी. झिलई म्हणजे टाइलवर वितळवलेली पातळ काच. काशानची ही काच गारगोटी आणि खार यांची आहे. खार मिळायचा तो खाऱ्या जमिनीवरच्या झुडपांच्या राखेतून. आपल्याकडचा सज्जीखार त्याच जातीचा. अबुल कासिम गारगोटी १०५ भाग आणि खार १०० भाग घ्यायला सांगतो. हे मिश्रण मंद आचेवर लोखंडी पळीने ढवळत वितळवायचे आणि तसेच तापलेले पाण्याच्या खड्ड्यात ओतायचे. पाण्यात पडताच काचेचा भुगा होतो, मग तो दळायचा. नवशिक्याला ही पायरी फुकटची वाटते. गारगोटी आणि खार एकत्र कालवून सरळ टाइलवर का लावू नये? कारण खार पाण्यात विरघळतो. कच्चा लावला तर टाइल तो शोषून घेते आणि वाळताना कडांवर पांढरा साका येऊन बसतो. भट्टीत कडा वाहतात, मधला भाग कोरडा राहतो. एकदा काच झाली की खार पाण्याला दाद देत नाही.

आता रंग. वितळत्या खाराच्या काचेत थोडे भाजलेले तांबे गेले की फिरोजी येतो. तेच तांबे शिशाच्या काचेत घातले तर हिरवा येतो. त्यामुळे मशिदीच्या घुमटावर तो आकाशासारखा फिरोजी दिसला की झिलई खाराची आहे हे दुरूनही ओळखता येते. गडद निळा कोबाल्टचा. त्याची खाण काशानजवळच्या कमसर गावी होती. कोबाल्ट इतका तिखट की शंभर भाग काचेला एक भागही पुष्कळ होतो. जांभळा-काळा मँगनीजचा. पांढरा हवा असेल तर शिसे आणि कथील एकत्र जाळून त्यांची राख काचेत मिसळायची. कथिलाचे बारीक कण काचेत विरघळत नाहीत, तरंगत राहतात आणि काच दुधाळ होते. यातला एकही रंग पृष्ठभागावर बसलेला नाही, तो काचेच्या अंगात आहे. सातशे वर्षांच्या उन्हात तो विटला नाही याचे कारण एवढेच. ब्रशने मारलेला रंग उन्हापावसात काही वर्षेच टिकतो.

आणि गारगोटीचाच लगदा का? खाराची काच तापली की खूप फुगते आणि निवली की खूप आकसते. साध्या मातीची टाइल तितकी आकसत नाही. परिणामी निवताना वरची काच ताणली जाते, तिच्यावर जाळीसारखे तडे पडतात आणि पुढे त्या तड्यांतून पाणी शिरून पापुद्रे सुटतात. गारगोटीचे आकसणे मात्र खाराच्या काचेशी बरेच जुळते. फिरोजी हवा तर खाराची झिलई हवी, आणि ती टिकायला हवी तर खाली गारगोटी हवी. ही साखळी समजली की बाजारातली निळी टाइल तिथे का चालत नाही हेही समजते.

भाजणीला साधारण हजार अंश लागतात. भट्टीच्या भिंतीत मातीच्या खुंट्या ठोकून त्यांवर माल मांडायचा, बारा तास एकसारखी आच द्यायची आणि मग आठवडाभर भट्टी उघडायची नाही. धूर चालत नाही, कारण धुराने फिरोजीवर मळकट तांबूस झाक येते. बगदाद आणि तबरीझकडे म्हणे विलोची लाकडे साल काढून जाळत, ती धूर करू नयेत म्हणून.

पण एका कामात मात्र मुद्दाम धूर करतात, आणि ते या साऱ्या विद्येतले सर्वांत अवघड काम आहे. फोटोतल्या सोनेरी चकाकीच्या टाइल्स त्याच जातीच्या. लेखात ‘सोन्याचा मुलामा’ म्हटले आहे. त्यांत सोने नाही, चांदी आणि तांबे आहे. पांढरी झिलई दिलेली टाइल एकदा पूर्ण भाजून घ्यायची. मग हरताळ, मनशीळ, माक्षिक, पिवळे कासीस ही खनिजे, जाळलेले तांबे आणि जाळून खललेली चांदी यांचे मिश्रण द्राक्षरसात किंवा शिरक्यात कालवून त्याने नक्षी काढायची. दुसरी भाजणी पहिलीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाची, काच नुसती मऊ पडेल इतकीच, आणि तीन दिवस तीन रात्री हलक्या धुरात. धूर भट्टीतला प्राणवायू खाऊन टाकतो आणि चांदी-तांब्याचे अतिसूक्ष्म कण काचेच्या वरच्या थरात धातुरूपाने उतरतात. बाहेर काढल्यावर टाइल काळपट मळकी दिसते, ओल्या मातीने घासली की खालून चकाकी येते. आच थोडी चढली तर लेप काचेत रुतून डाग पडतो, धूर कमी पडला तर नक्षी उमटतच नाही, जास्त झाला तर काच काजळते. तीन दिवसांच्या कामाचा निकाल भट्टी उघडल्यावरच कळतो.

अशा चकाकीच्या टाइल्स मशिदीत लावल्याचे सर्वांत जुने नामांकित उदाहरण इराणमधले नाही, ट्युनिशियातले आहे. कैरुआनच्या मोठ्या मशिदीत मिहराबभोवती, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्याभोवती, नवव्या शतकातल्या टाइल्स आहेत, सुमारे २१ सेंटीमीटरच्या चौकोनी, टोकावर उभ्या लावलेल्या. काशानचा भर तेराव्या शतकातला. काशानच्या मैदान मशिदीचा मिहराब हसन इब्न अरबशाह याने १२२६ मध्ये केला, तो आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. तेहरानच्या दक्षिणेला वरामीन इथे इमामजादा याह्या ही कबर आहे. तिच्या भिंतींना १२६२ च्या आठ टोकांच्या ताऱ्यांच्या टाइल्स होत्या, प्रत्येकी जेमतेम ३१ सेंटीमीटरच्या, आणि दोन ताऱ्यांमधली फट भरणाऱ्या क्रुसाच्या आकाराच्या. एकेक तारा हातात धरून पाहावा असा आहे. मध्ये पानाफुलांची गर्दी आणि कडेने बोटभर पट्टीत कुराणातली वचने, इतक्या घाईच्या अक्षरांत की लिहिणाऱ्याला शेकडो तारे उरकायचे होते हे लगेच दिसते. माणसे किंवा प्राणी त्यांवर नाहीत, जागा कबरीची होती म्हणून. या टाइल्स एकोणिसाव्या शतकात उचकटल्या गेल्या आणि जगभरच्या संग्रहालयांत पसरल्या. तिथलाच १२६५ चा मिहराब, अबुल कासिमच्या वडिलांची, अली इब्न मुहम्मद यांची, सही असलेला, आज होनोलुलूत आहे. आपल्या लेखात वरामीनचा फोटो म्हणून जो छापला आहे तो भिंतीचा नव्हे, संग्रहालयातल्या मांडणीचा असावा. मूळ भिंत उघडी पडली आहे.

चौदाव्या शतकापासून जोर आला तुकडेकामाला. आपल्या लेखात ‘मोझेक’ एवढेच म्हणून सोडून दिले आहे, म्हणून पद्धत सांगतो. एकेका रंगाच्या पाट्या वेगवेगळ्या भाजतात, कारण प्रत्येक रंग वेगळ्या आचेवर खुलतो आणि इथे प्रत्येकाला त्याची आच देता येते. नक्षी कागदावर पूर्ण मापात काढून प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात. कागद कापून तो तुकडा त्या रंगाच्या पाटीवर चिकटवतात आणि धारदार टोकाच्या हातोडीने कडेकडेने टवके काढत आकार आणतात, शेवटी कानशीने घासतात. कड पाठीकडे तिरकी उतरवायची असते. त्यामुळे दर्शनी बाजूला दोन तुकडे एकमेकांना केसाइतके भिडतात आणि मागे पाचरीसारखी पोकळी राहते, तिच्यात मसाला शिरून तुकडा पक्का धरतो. जे तुकडे आतल्या बाजूला वळलेले असतात, वेलीच्या गाठीसारखे, ते सर्वांत जास्त फुटतात. मग सगळे तुकडे नक्षीवर पालथे मांडतात. चेहरा खाली, पाठ वर, म्हणजे कारागिराला रंग दिसतच नाही, दिसतात त्या फक्त पांढुरक्या पाठी. वर जिप्समचा पातळ लगदा ओततात, घट्ट झाल्यावर पाटी उचलून भिंतीवर बसवतात. एखादा तुकडा चुकीच्या जागी पडला असेल तर तो उलटल्यावरच कळतो, तोवर जिप्सम आवळलेले असते.

या कामाचा नमुना पाहायचा तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला इस्फहानच्या इमामी मदरशाचा मिहराब पाहावा. १३५४ सालचा, सुमारे ३.४३ मीटर उंच, २.८९ मीटर रुंद, अक्षरांसकट सगळा तुकड्यांचा. मशहदची गौहरशाद मशीद १४१८ ची आणि तबरीझची निळी मशीद १४६५ ची. पुढे घाई आली आणि ‘सात रंगी’ पद्धत वाढली. एकाच चौकोनी टाइलवर सगळे रंग, मध्ये मँगनीज आणि तेलाची रेघ. तेलामुळे एक रंग दुसऱ्यात वाहत नाही, भट्टीत तेल जळते आणि काळी निस्तेज रेघ उरते. काम झपाट्याने होते. पण सगळ्या रंगांना एकच आच, त्यामुळे प्रत्येकाने थोडी तडजोड केलेली. इस्फहानची शाही मशीद १६११ ला सुरू झाली, तिच्यात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आहे. दोन्ही शेजारी ठेवली तर फरक नजरेला लगेच कळतो. माझे मत विचाराल तर तुकडेकामाच्या निळ्याला तोड नाही.

आता बिदर. महमूद गवान गिलानचा, म्हणजे कॅस्पियन समुद्राकाठचा, बहामनींचा वजीर. १४७२ मध्ये त्याने हा मदरसा बांधला. २०५ फूट बाय १८० फूट, चारही बाजूंना ऐवान, म्हणजे एका बाजूने उघडी कमानीची दालने, थेट इराणी धाटणी. पूर्वेकडच्या दर्शनी भिंतीवर आणि एकाच उरलेल्या मिनारावर आजही निळे, पांढरे, पिवळे, हिरवे तुकडे दिसतात, मिनारावर नागमोडी पट्ट्यांत. दुसरा मिनार आणि प्रवेशद्वाराकडचा भाग १६९६ च्या दारूगोळ्याच्या स्फोटात गेला. उरलेल्या टाइल्स मात्र स्फोटाने नव्हे, पाण्याने आणि मिठाने जात आहेत.

हे कसे होते ते नीट पाहायला हवे. टाइलच्या चेहऱ्यावर काच आहे, पाठ उघडी आणि सच्छिद्र आहे. भिंतीत वरून पावसाचे आणि खालून जमिनीचे पाणी येते आणि बरोबर क्षार आणते. आपण ज्याला भिंतीला लोणा लागणे म्हणतो तेच. साध्या भिंतीत पाणी बाहेर उडून जाते आणि लोणा पृष्ठभागावर पांढरा दिसतो. टाइल असेल तर काच पाण्याला बाहेर पडू देत नाही. ते काचेच्या आतच थांबते, तिथेच वाळते, आणि क्षाराचे स्फटिक झिलई आणि लगदा यांच्या सीमेवर वाढतात. दर पावसाळ्यात विरघळायचे, दर उन्हाळ्यात पुन्हा वाढायचे. काही वर्षांत झिलईचा पापुद्रा नखाएवढ्या तुकड्यांत निघून येतो आणि खाली फिकट, खरबरीत लगदा उघडा पडतो. लोक म्हणतात रंग उडाला. उडालेली असते ती काच. त्या उघड्या लगद्यावर रंग मारला तर पाण्याची उरलीसुरली वाट बंद होते आणि पुढच्या वर्षी लगदाही भुकटी होऊन गळतो.

सिमेंट याहून वाईट. सिमेंटमध्ये स्वतःचे विरघळणारे क्षार असतात, ते ओलीबरोबर जुन्या टाइलमध्ये उतरतात. ते जुन्या चुन्यापेक्षा आणि टाइलपेक्षाही कडक असते, म्हणून ताण आला की मोडते ती टाइल. आणि मागे जुने जिप्सम असेल तर ओलीत सिमेंट आणि जिप्सम मिळून फुगणारे स्फटिक तयार होतात आणि आख्खी पाटी भिंतीपासून सुटते. मुळात जिप्सम इराणच्या कोरड्या हवेला मानवते, आपल्या चार महिन्यांच्या पावसात ते थोडे थोडे विरघळत जाते. आम्लाने धुणे हा तिसरा अघोरी प्रकार. संडास साफ करायच्या आम्लाने टाइल तासभर लखलखते खरी, पण सांध्यांतला चुना खाऊन त्याचे नवे क्षार होतात आणि सरळ टाइलच्या पाठीमागे जातात.

रंगवलेली नक्कल कशी दिसते हे पाहायला लांब जायला नको. हैदराबादच्या बादशाही आशूरखान्यात, म्हणजे मोहरमचे अलम ठेवायच्या वास्तूत, १६११ च्या सुमाराचे अप्रतिम तुकडेकाम आहे. १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात भिंतींचा खालचा भाग खराब झाला आणि तिथे नंतर रंगाने नक्षी काढली. वर काच, खाली रंग. वरचा भाग दिव्याच्या उजेडात अजून जिवंत होतो, खालचा नुसता दिसतो. उलट उदाहरण मुलतानचे. शाह रुक्न-ए-आलम यांची कबर १३२० ते १३२४ च्या सुमाराची. १९७० च्या दशकात तिची दुरुस्ती झाली तेव्हा स्थानिक कारागिरांकडून जुन्या धर्तीच्या झिलईच्या टाइल्स आणि विटा नव्याने करवून घेतल्या. त्या कामाला १९८३ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला, आणि शहरातली मरायला टेकलेली विद्याही त्यात पुन्हा उभी राहिली.

बिदरला, किंवा आपल्याकडच्या कुठल्याही दर्ग्या-मशिदीतल्या जुन्या टाइल्सना हात लावायचा असेल तर पहिले काम ओल थांबवण्याचे. गच्चीची गळती, तुंबलेले पन्हाळ, भिंतीला लागून चढवलेली माती, पायाशी केलेले काँक्रीट. हे केल्याशिवाय वरचे सारे व्यर्थ. मग प्रत्येक टाइल बोटाच्या पेराने हलकेच वाजवून पाहायची. खणखणीत वाजली तर घट्ट आहे, भद्द वाजली तर मागे पोकळी आहे, तिथे खडूने खूण न करता नकाशावर नोंद करायची, कारण खडू झिलईच्या तड्यांत शिरतो. पोकळीत बारीक सुईने पातळ, क्षारमुक्त चुन्याचा मसाला सोडता येतो. गळालेल्या तुकड्याची पाठ आणि कड पाहून लगदा गारगोटीचा आहे की मातीचा हे आधी ठरवायचे, मगच नव्या टाइलचा विचार. झिलई गेलेली पण जागेवर घट्ट असलेली जुनी टाइल काढायची नाही. आणि जिथे काहीच उरले नाही तिथे साधा चुन्याचा गिलावा, टाइलपेक्षा एक सूत आत.

शेवटी एक विनंती. तो फोटो आपल्या संग्रहात राहील आणि पुढेही वापरला जाईल, तर त्याखालची ओळ अशी बदलावी: ‘गारगोटीच्या लगद्यावर खाराची झिलई दिलेल्या टाइल्स, काशान, तेरावे शतक.’ आणि ‘सोन्याचा मुलामा’ हे शब्द काढून ‘चांदी-तांब्याची चकाकी’ असे घालावे.

आपला,
झिलई-भट्टीचे काम करणारा एक वाचक,
लातूर